आधी दगड बघ

दादर, मुंबई

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टच्या ‘मेंडिंग वॉल’ (भिंतीची डागडुजी) या कवितेवरचं तुझं टिपण वाचलं. ‘भिंत म्हणजे माणसामाणसांतला दुरावा’ असं पहिल्याच ओळीत ठोकून दिलंस, आणि पुढे कवितेतला एकही दगड उचलून पाहिला नाहीस. गाइडात असंच असतं म्हणा.

ही कविता १९१४ साली संग्रहात आली. त्याआधी फ्रॉस्ट न्यू हॅम्पशायरमध्ये शेती करायचा. तिकडे थंडीत मातीतलं पाणी गोठून फुगतं, जमीन वर उचलली जाते आणि बांधावर नुसते रचलेले दगड घरंगळतात. काही पावासारखे, काही जवळजवळ चेंडूसारखे गोल. ते जागेवर राहावेत म्हणून ‘आमची पाठ वळेपर्यंत तरी हलू नका’ असा मंत्र घालावा लागतो! ही थट्टा तुझ्या हातून निसटली. भिंत पडणार हे ठाऊक असूनही कवितेत बोलणारा आणि त्याचा शेजारी, दोघं बोटं खरखरीत होईपर्यंत दगड रचतात.

आपल्या कंपाउंडच्या भिंतीतला पिंपळ आठव. दर पावसाळ्याआधी उपटायचा, फट बुजवायची, पुन्हा तो हजर. पण खर्च निम्मा-निम्मा, म्हणून एरवी तोंड न बघणारे दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी त्या दिवशी तिथे उभ्या उभ्या चहा घेतात.

आता सांग, कवितेत शेजाऱ्याला भिंत दुरुस्तीचा निरोप कोण धाडतं? भिंतीची गरजच काय, असं विचारणाराच. सशामागे लागलेल्या शिकाऱ्यांनी पाडलेली खिंडारंही तोच बुजवत आलाय. माझी सफरचंदाची झाडं तुझ्या पाइनची बोंडं खायला येणार नाहीत, अशी चेष्टा तो करतो. शेजारी मात्र बापाकडून आलेलं एकच वाक्य धरून बसतो, की कुंपण चांगलं तर शेजारी चांगले.

मग हातांत दगड धरलेला तो शेजारी अश्मयुगातल्या हत्यारबंद माणसासारखा, अंधारात वावरणारा दिसतो. कुणाला? बोलणाऱ्याला. दगड तर त्यानंही उचललेत. त्यामुळे शेजाऱ्याभोवतीचा तो अंधार नक्की कुणाचा, असा मला प्रश्न पडतो. तू ‘शेजारी मागासलेला’ लिहून मोकळी झालीस. मला ते पटत नाही. शेवटची ओळ कवीनं त्यालाच दिलीय.

पुन्हा लिहिणार असशील तर शिकाऱ्यांपासून सुरू कर. रविवारी फोन करते.

तुझी,
आई