गोल टाक्यांना अखंड वीज हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य सरकारने 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आणि मत्स्यपालकांना शेतीच्या दराने वीज मिळण्याची वाट मोकळी झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र गोल टाक्यांत गोड्या पाण्यातील मासे वाढवणाऱ्याला स्वस्त विजेपेक्षाही अखंड विजेची गरज अधिक आहे. शेतीच्या वाहिनीवर थ्री-फेज वीज पाळीने, ठरावीक तासच येते. तेवढ्यावर विहिरीवरचा पंप चालतो, मासे जगत नाहीत.

हवेली तालुक्यात घरामागच्या जागेत मी चार मीटर व्यासाच्या दोन ताडपत्री टाक्या उभारल्या आहेत. अशा टाकीत मीटरभर पाणी भरले की ते साडेबारा हजार लिटरच्या आसपास होते. गोल आकारामुळे पाणी कोपऱ्यात साचून राहत नाही आणि जड गाळ मधल्या निचऱ्यातून काढता येतो. बायोफ्लॉक पद्धतीत पाणी वरचेवर बदलावे लागत नाही, कारण विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून होणारा अमोनिया पाण्यातले जिवाणू वापरून टाकतात. ते वाढावेत म्हणून आपण गूळ किंवा मळी घालतो, आणि त्यांचे तपकिरी पुंजके चिलापी (तिलापिया) मासळी आवडीने खाते. पण हे जिवाणूही श्वास घेतात. त्यामुळे पाण्यात सतत हवा सोडणारा ब्लोअर थांबला की दाटीने सोडलेले मासे आणि जिवाणू मिळून पाण्यातला प्राणवायू बघता बघता संपवतात. तळ्याला मिळते तेवढी सवड टाकीला मिळत नाही.

हे मी एका वळवाच्या रात्री शिकलो. अडीचच्या सुमारास वीज गेली. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर टाकीभर मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत होते. आम्ही नवरा-बायको बादलीने पाणी काढून उंचावरून पुन्हा त्याच टाकीत ओतत राहिलो. एक टाकी कशीबशी वाचली, दुसरीत उजाडेपर्यंत पांढऱ्या पोटांचा थर तरंगत होता. टाक्या देणाऱ्याने गुळाचे प्रमाण ग्रॅममध्ये लिहून दिले होते, इन्व्हर्टरबद्दल मात्र ‘लागला तर पुढे घ्या’ एवढेच सांगितले होते.

2020 पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना 60 टक्के साहाय्य मिळते. हा पैसा केवळ टाक्या मोजून दिला जाऊ नये. अधिकाऱ्यांनी जागेवर येऊन मुख्य स्विच बंद करावा आणि इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर ब्लोअर चालू राहतो का, हे पाहूनच शेवटचा हप्ता सोडावा. नवख्याने पहिल्या वर्षी एकाच टाकीवर हात बसवावा, असेही मला वाटते. उजनी धरणातली चिलापी भिगवणहून स्वस्तात येत असताना टाकीतल्या माशाला गिऱ्हाईक शोधायलाच काही महिने जातात.

महावितरणने मत्स्यपालकांची जोडणी शेतीच्या दराने, परंतु चोवीस तास वीज असलेल्या वाहिनीवरून द्यावी, आणि दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवायचा असल्यास आदल्या दिवशी मोबाइलवर संदेश पाठवावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक मत्स्यपालक, ता. हवेली, जि. पुणे