तिसऱ्या डोसची सक्ती नाट्यगृहाच्या दारात नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२२ मध्ये नाटक-सिनेमाला जायचं तर कोविड लसीचा बूस्टर, म्हणजे तिसरा डोस, घेतलेलाच हवा असं बरेच जण बोलत होते. मी स्वतः बूस्टर घेतला होता आणि सगळ्यांनी घ्यावा असंच माझं म्हणणं होतं, पण दारात सक्ती नको. आदल्या वर्षी दोन डोसची सक्ती होती तेव्हा काय व्हायचं ते बघितलंय, तिसरी घंटा होत आलेली, सत्तरीच्या आजी मोबाईल डोळ्यांजवळ धरून सर्टिफिकेट शोधतायत, ओटीपी येत नाही, मागे रांग वाढतेय आणि डोअरकीपर बिचारा तिकीट बघू की मोबाईल या विचारात.

शिवाय दुसऱ्या डोसनंतर ६ महिने झाल्याशिवाय बूस्टर मिळत नव्हता, कोविड होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर ३ महिने थांबावं लागायचं, मग अशा माणसाचा काय दोष? बूस्टरने आजार गंभीर होण्याचा धोका कमी होतो हे खरं, पण ओमायक्रॉन हा कोविडचा प्रकार बूस्टरवाल्यांनाही होत होता आणि त्यांच्याकडून पसरतही होता, म्हणजे सर्टिफिकेट बघून आत सोडलं की हॉल सेफ झाला असं नव्हतंच. त्यापेक्षा बंद एसी हॉलमध्ये बाहेरची हवा किती येते ते तपासा ना!

१५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस सरकारी केंद्रात बूस्टर फुकट होता. कोविशिल्ड ही लस आपल्या हडपसरला बनायची. मग महापालिकेने शनिवार-रविवारी बालगंधर्वच्या आणि कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाच्या आवारातच लसीचं टेबल लावायला हवं होतं, प्रयोगाला आलेल्या लोकांनी घेतली असती की.

एक नाट्यरसिक, कोथरूड, पुणे