आमचे आबा हवालदिल नव्हते

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरचा जुना वाचक आहे, म्हणजे खरे वाचक आमचे आजोबा, आबा. पेपरवर पहिला हात त्यांचा, आम्हाला मिळायचा तो चहाचे डाग पडलेला. आधी बाजारभाव, मग निधन वार्ता, मग जमलं तर पहिलं पान असा त्यांचा क्रम. गेल्या आठवड्यात तुम्ही परत ते हेडिंग टाकलंत, 'बळीराजा हवालदिल', आणि खाली कपाळाला हात लावून वावरात बसलेला म्हातारा. तो फोटो मी दोन वर्षांपूर्वी पण बघितलाय, शपथेवर सांगतो तोच माणूस आहे. तेव्हा आबा होते. चष्मा वर करून फोटो बघितला आणि म्हणाले, "हा अजून बसलेलाच आहे का रे? उठवा की कुणीतरी त्याला."

आबा फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. शाळेच्या दाखल्याप्रमाणे वय ८९, पण दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच आहे, मास्तरांची कृपा, त्यामुळे एखादं वर्ष इकडे तिकडे. निधन वार्ता आम्ही दिली नाही, गडबडीत राहून गेली. म्हणून हे पत्र समजा. छापलं तर बरं, नाही छापलं तरी बाजारभावाच्या पानापर्यंत मी रोज येणारच आहे.

आमचं गाव चांदवड तालुक्यात, म्हणजे पाऊस आला तर आला. १९७२ च्या दुष्काळात आबा दुष्काळी कामावर खडी फोडत होते, मालक असून. सहा एकर वावर होतं पण विहिरीत उतरलं तर तळाला पाय कोरडे. आजी पण जायची, पदरात माझा बाप. सरकारी सुकडी आणि ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. घरात नंतर कुणी ताटात अन्न टाकलं की आबा बाकी काही बोलायचे नाहीत, नुसतं "मिलो आणू का?" विचारायचे. पुढे १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, त्यावर लोक भाषणं करतात, आबांना त्यातलं एवढंच आठवायचं की हाताला फोड आले की रात्री भाकरी मोडताना दुखायचं.

तर मुद्दा असा की हा माणूस रडतोय असं मी कधी बघितलं नाही, भांडताना भरपूर बघितलंय. १९८० च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्यासाठी रस्ते अडवले, उसाला ३०० रुपये टन मागत होते, त्यात आबा आठ दिवस आत जाऊन आले. आमच्याकडे ऊस एक टिपरू नव्हतं! विचारलं तर म्हणायचे कांद्याचं भांडण होतं ना, मग उसाचं वेगळं कशाला करायचं. संघटनेचा लाल बिल्ला शेवटपर्यंत देव्हाऱ्यात होता, खंडोबाच्या टाकाशेजारी. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा त्यांनी एवढी मनावर घेतली की पुढं कर्जमाफीचा फॉर्म भरताना तोंड कडू करून बसले. फॉर्म भरला बरं का, ते काही संत नव्हते, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

वह्या. आबांच्या वह्या हा एक स्वतंत्र विषय आहे, पत्रात मावणार नाही. चौथी शिकलेला माणूस, पण लासलगावच्या कांदा बाजारात नेलेल्या प्रत्येक खेपेची नोंद आहे. आधी बैलगाडी, रात्रभर चालून सकाळी लिलावाला, मग टेम्पो, मग काकाचा ट्रॅक्टर. तारीख, वजन, भाव, हमाली, तोलाई, आडत्याकडे राहिलेली उचल, आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द. 'बरं'. 'ठीक'. 'लूट'. १९९८ ला कांद्यानं दिल्ली राज्याचं सरकार पाडलं म्हणतात त्या सालातल्या एका नोंदीपुढे लिहिलंय, 'आपल्याकडं नव्हता'. म्हणजे भाव आला तेव्हा साठवणीच्या चाळीत कांदाच शिल्लक नव्हता. एवढ्याशा दोन शब्दांत शेतीचं सगळं अर्थशास्त्र आलं असं मला तरी वाटतं. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ७५० किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले, तुम्ही पण छापलं असेल. सगळं गाव त्याचं कौतुक करत होतं आणि आबा म्हणे, "ते मनीऑर्डरचे ५४ रुपये वर कशाला घातले त्यानं?" ते ५४ रुपये त्यांच्या डोळ्यात असे खुपले की महिनाभर विषय काढत होते.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली तेव्हा आमचा लाल कांदा निघायला लागलेला. वहीत त्या महिन्यात एकच शब्द चार वेळा आहे, कुठला ते तुम्ही ओळखा. ४ मे २०२४ ला बंदी उठली ती ४० टक्के निर्यात ड्युटी घेऊनच, मग सप्टेंबरात २० टक्के झाली, आणि १ एप्रिल २०२५ ला पूर्ण निघाली. ही शेवटची बातमी त्यांना कळली नाही, दीड महिन्याने चुकली.

बियाणं ते घरचंच धरायचे. चाळीतला कांदा बाहेर काढला की आबा पोत्यावर बसून एकेक हातात घेऊन अंगठ्यानं मान दाबायचे. मान बारीक पाहिजे, जाड मानेचा टिकत नाही, चाळीत आधी तोच सडतो आणि शेजाऱ्याला घेऊन जातो. जोड कांदा बाजूला, गोल्टी म्हणजे बारका कांदा बाजूला, रंग फिका तो बाजूला. पाच पोत्यांतून अर्धं पोतं निघायचं. ते बांधाकडेला लावायचे, मग उन्हाळ्यात डेंगळे यायचे, पांढऱ्या फुलांचे गोळे नि त्यावर मधमाश्या, आम्हा पोरांना तिकडे जायची बंदी. उळं म्हणजे बी वाळवून डब्यात भरलं की डब्यावर खडूनं साल. कांद्याचं उळं जुनं झालं की उगवत नाही, एक वर्ष म्हणजे डोक्यावरून पाणी, म्हणून हे काम दरवर्षी, न चुकता, गुडघे गेले तरी. मी कंपनीचं पाकीट आणायचं म्हटलं तर म्हणाले, "आण, पण बांध माझा आहे." शेवटचा डबा अजून माळ्यावर आहे.

आता एक गोष्ट लिहितो जी घरच्यांना आवडणार नाही. ८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखावर बायका आलेल्या. आजी ट्रॉलीत बसून गेली, आबांनीच पाठवली. पुढं लक्ष्मीमुक्तीचं वारं आलं, बायकोच्या नावावर जमीन करा, तर आबांनी आजीच्या नावावर एक एकर केली. लोक हसले. आजीला सही येत नव्हती म्हणून आबांनी कांद्याच्या हिशोबपट्ट्यांच्या मागच्या बाजूला तिच्याकडून नाव गिरवून घेतलं, महिनाभर, रोज रात्री चूल आवरली की. त्यातल्या दोन पट्ट्या मी बघितल्यात, समोर वजन नि भाव, मागे आजीचं वाकडंतिकडं नाव वीस वेळा.

आणि हाच माणूस पोरींच्या बाबतीत दगड. १९९४ ला राज्यानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क दिला, २००५ ला देशात झाला, आबा पेपर वाचणारे, त्यांना माहीत नव्हतं असं नाही. "लग्नात दिलं की" हे एकच उत्तर. दोन्ही आत्यांनी कधी मागितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. मी एकदा म्हणालो की आजीला दिली ती कशी चालली, तर उठून बैलाला पाणी पाजायला गेले. बैल नव्हताच तेव्हा, दोन वर्षांपूर्वीच विकलेला. गोठ्यात जाऊन उभे राहिले नुसते.

दहाव्याला कुणीतरी (नातं सांगत नाही) हक्कसोडपत्राचा कागद तयार करूनच आणला. आत्यांनी पेन हातात पण घेतलं, सवयच तशी, भावाशी वाकडं नको म्हणून. आजी कोपऱ्यात बसलेली, ऐकू कमी येतं, आम्हाला वाटलं झोपलीय. तिनं विचारलं काय चाललंय, तर म्हटलं सह्या चालल्यात. म्हणाली, "मला त्यांनी सही शिकवली ती जमीन घ्यायला. ह्यांना सोडायला कोण शिकवतंय?" कुणी बोललं नाही मग. कागद चहाच्या ट्रेखाली राहिला, दुसऱ्या दिवशी बंबात गेला असणार.

मग वारस नोंदीचा अर्ज, त्याचे हेलपाटे, तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं एवढाच काय तो बदल, बाकीचं लिहीत नाही, अजून कामं पडणार आहेत. पंधरा दिवसांची नोटीस झाली, फेरफार मंजूर झाला, आणि परवा नवा उतारा निघाला. पूर्वी मयताचं नाव कंसात जायचं, नव्या सातबाऱ्यावर आडवी रेष मारतात. आबांच्या नावावर सरळ रेष, खाली आजी, बाप, काका आणि दोन्ही आत्या. मोठ्या आत्याला दाखवला तर तिनं चष्मा नाही म्हणून आधी मलाच वाचायला लावला, मग हातात घेऊन ती रेष बोटानं पुसायला गेली, शाई होती की प्रिंट कुणास ठाऊक असं करून. नाही निघाली. चौघडी घालून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "लासलगावला आज काय निघाला?"

तुमच्या पेपरात बघून सांगितला.

आपला,
एक वाचक,
ता. चांदवड, जि. नाशिक