तक्रारीची अट न घालता मदत करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे. तरी तुमचं नाव, हिंसा सोसणाऱ्या बायकांना आधार देणाऱ्या तुमच्या केंद्राचं नाव, ठिकाण यातलं काहीही त्यात येणार नाही. निवारागृहाचा पत्ता फुटला तर आत राहणाऱ्या बायकांच्या जिवावर बेतू शकतं, हे मला तुम्हीच सांगितलं होतं.

सगळ्यात आधी आभार मानायचे आहेत ते तुम्ही माझ्यावर कसलीच जबरदस्ती केली नाहीत म्हणून. त्याआधी जिथे गेले तिथे एकच ऐकलं होतं : आधी तक्रार नोंदवा, मग बघू. नवऱ्याविरुद्ध सही करायची माझी तेव्हा तयारी नव्हती. मुलं कुठे राहतील, पैसे कुठून येतील, त्याला कळल्यावर तो काय करील, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, "आज रात्री तुम्ही आणि मुलं कुठे झोपणार?" त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तुम्ही दुसरा प्रश्न विचारला नाहीत.

ही नुसती तुमची माया नव्हती, अशी मदत हा बाईचा हक्क मानला जातो, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. बायकांवरची हिंसा रोखण्यासाठी युरोप परिषद या युरोपीय देशांच्या संघटनेने केलेल्या २०११ च्या इस्तंबूल करारात स्पष्ट लिहिलंय की बाई गुन्हा दाखल करायला किंवा साक्ष द्यायला तयार आहे की नाही, यावर तिला मिळणारी मदत अवलंबून असता कामा नये. (ज्या शहराचं नाव त्या कराराला आहे, त्याच शहराचा देश तुर्कस्तान २०२१ मध्ये करारातून बाहेर पडला. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.) जगातल्या जवळजवळ दर ३ बायकांपैकी एकीला आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातल्या कितीतरी जणी कधीच तक्रार करत नाहीत. मदतीचं दार तक्रारीनंतरच उघडणार असेल, तर या बायकांनी जायचं कुठे?

माझ्यासोबत काय झालं ते इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते की तुम्ही मला पहिल्याच दिवशी वेळेचं महत्त्व सांगितलंत. लैंगिक अत्याचारानंतर एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भधारणा टाळणाऱ्या गोळ्या ५ दिवसांच्या आत घ्याव्या लागतात, आणि दोन्ही जितक्या लवकर घ्याव्या तितकं चांगलं. हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईने लक्षात ठेवावं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मग मी घरी परत गेले. तुम्ही रागावला नाहीत, "आता पुन्हा येऊ नका" म्हणाला नाहीत. उलट माझ्यासोबत बसून तयारी करून घेतलीत : ओळखपत्रांच्या प्रती मैत्रिणीकडे, थोडे पैसे वेगळे, मुलांना सांगून ठेवलेला एक खुणेचा शब्द, फोनमधलं लोकेशन बंद. बाई घर सोडायला निघते तो काळ तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. "एवढं होतं तर निघून का नाही आलीस?" असं मला अजून विचारलं जातं. त्या तयारीमुळेच शेवटी मी मुलांना घेऊन सुखरूप बाहेर पडू शकले.

आणखी एक गोष्ट. माझी हकिगत तुम्ही एकदाच ऐकलीत, मला विचारून लिहून घेतलीत, आणि पुढे डॉक्टर, वकील, निवारागृह अशा प्रत्येक ठिकाणी तो कागद घेऊन स्वतः माझ्याबरोबर आलात. दर टेबलासमोर नव्याने सगळं सांगायची वेळ आली असती तर मी मधूनच परत फिरले असते. आरोग्य, पोलीस, न्यायालय आणि सामाजिक सेवा यांनी एकमेकांशी जोडून काम करावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी हिंसा सोसलेल्या बायकांसाठी २०१५ मध्ये आखून दिलेल्या अत्यावश्यक सेवांच्या चौकटीत म्हटलंय. माझ्या बाबतीत ती जोडणी म्हणजे चपला झिजवत फिरणाऱ्या तुम्ही होता.

म्हणूनच काळजी वाटते. तुमची नेमणूक दरवर्षीच्या अनुदानावर टिकून आहे, हे मला तुमच्या सहकाऱ्यांकडून कळलं. बाईला सावरायला लागणारा काळ आर्थिक वर्षात बसत नाही. कोर्टाचा निकाल, पोटगी, मुलांचा ताबा, भाड्याच्या खोलीची अनामत हे सगळं निवारागृहातून बाहेर पडल्यावर सुरू होतं, आणि नेमका तिथेच निधी संपतो. दिवसभर अशा कहाण्या ऐकणाऱ्या समुपदेशकांना स्वतःचं मन मोकळं करायला जागा मिळत नाही, रजा मिळत नाही, पगार वेळेवर होत नाही. कार्यक्रम बळकट करायचा तर आधी तुमच्यासारख्यांना कायम करा, असं मी निधी देणाऱ्यांना हात जोडून सांगेन. नव्या इमारतीचं उद्घाटन त्यानंतर करता येईल.

केंद्राच्या अनुदानाचा अर्ज पुन्हा जाणार आहे असं ऐकलं. हे पत्र त्याला जोडा. माझं नाव गुप्त ठेवून समितीला माझ्याशी बोलायचं असेल, तर मी बोलायला तयार आहे.

तुमची,
तुमच्या केंद्रात आलेली एक बाई