बिल्ल्यांबद्दल पेंटरकाकांचे जाहीर आभार

पेंटरकाकांना सप्रेम नमस्कार,

१ जूनला आम्ही एसटीवेडे जमलो, तेव्हा गर्दीत तुमच्याशी धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आमची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे. लाल गाडीचा नुसता नंबर दिसला की आम्ही तिची कुंडली मांडतो. एमएच-१४ म्हणजे एसटीच्या दापोडी कार्यशाळेची बांधणी, एमएच-२० म्हणजे चिकलठाणा, एमएच-४० म्हणजे हिंगणा. पण तिचा फोटो काढायला शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं नाव विचाराल, तर ‘तो आपला निमआरामवाला’ यापलीकडे आमची मजल नाही. तरी नावाचे बिल्ले करू म्हटल्यावर निम्म्या मंडळींनी नाक मुरडलं. एकाचं म्हणणं, बिल्ला वाहकाला शोभतो, आपल्याला कशाला? दुसरा म्हणाला, नाव नको, पासिंगचं साल लिहा.

आणि मग तुम्ही ब्रश घेऊन बसलात. आगारात आयुष्यभर गाड्यांच्या पाट्या रंगवलेला हात तो! पांढऱ्या पत्र्याच्या तुकड्यावर लाल अक्षर, नाव ठसठशीत, खाली बारीक अक्षरात ‘मार्गे’ आणि ज्याचं त्याचं खूळ. आडनाव लांबलं तर छपाईवाला टाइप लहान करतो. तुम्ही अक्षरं तेवढ्याच उंचीची ठेवून अंगाने बारीक केलीत, शिरोरेघ कुठे तुटली नाही. दोन बोटं रुंदीच्या पत्र्यावर हे कसं जमतं, ते बघायला तुमच्या टेबलाभोवती फोटोग्राफर जमले होते. बाहेर उभ्या शिवशाहीकडे ढुंकून कुणी पाहत नव्हतं, यावरून काय ते समजा.

नावाखालच्या पदव्या तर तुम्ही परस्परच दिल्यात. तोंड बंद न करणाऱ्याला ‘सर्व थांबे घेईल’. दुपारपर्यंत डोळे न उघडणाऱ्याला ‘रातराणी’. भाषणं सुरू झाली की दाराशी सरकणाऱ्याला ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. हा शेवटचा तर दिवसभर बिल्ला मिरवत होता, आणि भाषण सुरू होताच लोक खरोखरच त्याच्या मागे बाहेर पडत होते.

एक जण मात्र नाव लिहू देईना. ऑफिसात आजारी असल्याचं सांगून आला होता आणि फोटोत नाव दिसलं असतं तर पंचाईत. आम्ही त्याची टर उडवत होतो. तुम्ही काहीही न विचारता त्याच्या पत्र्यावर ‘प्रासंगिक करार’ रंगवून दिलंत. भाड्याने घेतलेल्या एसटीवर गावाच्या नावाऐवजी हीच पाटी असते, वऱ्हाडालाच कळावी अशी ही कोटी! तो इतका खूश झाला की अनोळखी माणसांनाही स्वतःहून खरं नाव सांगत सुटला.

पैशांचं पाकीट तुम्ही परत केलंत. त्यावर आता वाद घालत नाही, पुढच्या खेपेला पत्रा आणि रंग आमचा एवढं ठरवून टाकलंय.

तुमच्या स्वतःच्या शर्टावर बिल्ला नव्हता, हे घरी फोटो पाहताना लक्षात आलं. तो आम्ही केलाय. येता-जाता जो तो तुमच्या टेबलापाशी थांबत होता, म्हणून नावाखाली लिहिलंय ‘विनंती थांबा’. वेलांटी जरा कलली आहे, तेवढी दुरुस्त करून घ्या.

तुमचे,
एसटीवेडे