नावे ठाऊक नसलेल्यांचे आभार
जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयोगटाला किशोरावस्था म्हणते. माझी मुलगी पंधराव्या वर्षी मला काहीच सांगेनाशी झाली, तेव्हा ज्यांनी तिला आधार दिला त्यांची नावे मला आजही ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार. ज्या परिचारिकेने आधी उठून दार लावले आणि ‘तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले, तर मला दुसऱ्या कोणाला सांगावेच लागेल, आणि तेही तुला कळवूनच’ असे स्पष्ट केले, त्यांची मी कायमची ऋणी आहे. गुप्ततेची मर्यादा आधीच कळल्यामुळे (मला वाटले होते, याने ती बिथरेल) मुलीचा विश्वास बसला. हेल्पलाइनचा क्रमांक चिठ्ठीवर लिहिण्यापूर्वी तो स्वतः लावून पाहणाऱ्या समुपदेशकांचेही आभार. आणि प्रवेशाची हमी देणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवून ‘ही हमी देतंय कोण, ते आधी पाहू’ म्हणणाऱ्या ग्रंथपालांनी तर आमचे पैसेही वाचवले. ती चिठ्ठी मुलीच्या पाकिटात अजून आहे; घडीवरचे दोन आकडे तेवढे पुसट झाले आहेत.