मालिकांतील नायकांच्या नेतृत्वाचीही चर्चा व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालिकांविषयी लिहिताना अभिनय, कथानक आणि टीआरपी यांचा ऊहापोह होतो. नायक आपल्या माणसांना सोबत घेऊन निर्णय कसा घेतो, याकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. घरातील मुले रोज रात्री हे नायक पाहत मोठी होतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

२०१६ मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली आणि राणादाच्या रूपाने आपल्या मातीतला पैलवान घराघरांत पोहोचला, याचा कोल्हापूरकर म्हणून मला आजही अभिमान आहे. कष्टाळू, शब्दाला पक्का, मनाने निर्मळ असा तो गडी. परंतु घरात वहिनीसाहेबांचे डाव चालू असताना तो भाबड्या विश्वासापोटी गप्प राहतो आणि ते निस्तरण्याचा भार त्याच्या पत्नीवर, अंजलीवर पडतो. ‘शक्तिमान’सारख्या अद्भुत मालिकेत तर नायक एकटाच धावून येतो, बाकीच्यांनी केवळ वाट पाहायची.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सी.आय.डी.’मधील एसीपी प्रद्युम्न दरडावून बोलतात, पण कोणते काम दयाचे आणि कोणते अभिजितचे हे ते ओळखून असतात, आणि प्रयोगशाळेत डॉ. साळुंखे यांच्याशी कितीही खटके उडाले तरी त्यांनी पुढे ठेवलेला पुरावा मान्य करतात. मला सर्वांत उजवे वाटतात ते ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७ ते १९९४) या अमेरिकी विज्ञानमालिकेतील अंतराळयानाचे कॅप्टन पिकार्ड. संकट आले की ते अधिकाऱ्यांना टेबलाभोवती बसवतात, अभियंत्यापासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाचे, अगदी विरोधी मतही, शांतपणे ऐकून घेतात. निर्णय मात्र स्वतः देतात आणि त्याची जबाबदारीही स्वतःच घेतात.

ही रीत आपल्याला परकी नाही. २०१९ च्या महापुरात आमच्या भागात पाणी शिरले, तेव्हा तालमीचे वस्ताद अंगात बळ असूनही लगेच पाण्यात उतरले नाहीत. पट्टीचे पोहणारे कोण, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, होडीसारखी वापरायला गुऱ्हाळाची काहिल (रस उकळायची मोठी कढई) कोठून आणता येईल, हे त्यांनी आधी पोरांना विचारले. समोरच्या रस्त्याला ओढ फार आहे, मागच्या बोळातून दोर बांधून जाऊ, असे एका सोळा वर्षांच्या मुलाने सुचवले आणि वस्तादांनी सर्वांदेखत आपला बेत बदलला. काहिलीतून पहिल्या बाहेर आल्या त्या एक वृद्ध आजीबाई, औषधांची पिशवी छातीशी घट्ट धरून.

मराठी मालिकांच्या लेखकांनी आपल्या नायकाला असा एखादा प्रसंग अवश्य द्यावा आणि आपल्या दैनिकाच्या मालिका-परीक्षणातही या बाजूचा विचार व्हावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
शुक्रवार पेठ, कोल्हापूर